शेजारणीला विचार

आमच्या गल्लीत माझ्या नणंदेला 'कुंईकुंईबाई' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण नवा पोस्टमन आला की त्याला पत्ता सांगताना हेच नाव सांगतात आणि पत्र बिनचूक येतं. त्या लहान मुलांना व्हायोलिन शिकवतात, आमच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत. मी मागच्या खोलीत शिवणकाम करते. मधे एक भिंत आहे. ती बांधणाऱ्याने विटा वापरल्या की बिस्किटं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी त्यांना वन्सं म्हणते. वयाने त्या माझ्याहून लहान, पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी "हिला वन्सं म्हणायचं" असं बजावलं, ते जिभेवर बसलं ते बसलंच. सासूबाई गेल्या, वन्सं राहिल्या. लग्न त्यांनी केलं नाही. त्यांना स्वयंपाक येत नाही, हिशेब येत नाही, आणि चहा पुढे ठेवला तर तो गार झाल्याशिवाय दिसत नाही. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, क्लास सुरू झाला की चपला पायात सरकवून फिरायला निघतात. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. त्याची आठवण मला कधी करून द्यावी लागली नाही.

मला स्वतःला सुरातलं ओ की ठो कळत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणं समजायला नको. कुकरची शिट्टी आणि व्हायोलिन यातलं कुठलं बंद करायचं, एवढं मला कळतं.

तरुणपणी वन्सं एका नाटक कंपनीच्या वाद्यवृंदात होत्या. शेवटच्या रांगेत, खांबाआड. कंपनी बंद पडली तशी त्यांनी घरी क्लास काढला. त्यांचे स्वतःचे मास्तर जुन्या वळणाचे होते. सूर चुकला की व्हायोलिनचा गज, ती केस ताणलेली लांब काठी असते ना, ती सप्पकन बोटांवर बसायची. "त्यामुळे झालं काय, की मी आयुष्यभर सूर ऐकण्याऐवजी मास्तरांचा हात बघत वाजवलं," असं त्या म्हणायच्या. म्हणून त्यांच्या वर्गात 'चुकलं' हा शब्दच नाही. मारणं तर लांब, भुवई वर करायचीही बंदी त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. आता त्यांच्या भुवया मुळातच वर चढलेल्या आहेत, त्याला त्या तरी काय करणार.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी. पहिले काही आठवडे मुलाला वाद्याला हात लावू द्यायचा नाही. नुसतं उभं राहायचं. पाय कसे, गुडघे कसे, खांदा कुठे. "खांदा खाली" हे शब्द आमच्या घरात इतक्यांदा उच्चारले गेलेत की मी मशीनवर बसल्या बसल्या माझे खांदे खाली करते. मग पेन्सिल धरायची, गज धरल्यासारखी. नवीन आई-बाप या पायरीला कावतात. "पोराला व्हायोलिन शिकायला घातलंय की पेन्सिल धरायला?" असं एकांनी दारातच विचारलं होतं. वन्सं म्हणाल्या, "पेन्सिल तरी नीट धरतो का बघू."

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं याची काहीच खूण नसते, काळी गुळगुळीत फळी आणि वर चार तारा. बाकीचे मास्तर तिथे रंगीत चिकटपट्ट्या लावून देतात. पट्टीवर बोट ठेवलं की झालं, महिन्याभरात पोर एखादी धून वाजवतं आणि मावशा-आत्या टाळ्या पिटतात. वन्संना पट्ट्यांचा भयंकर राग. कोणाच्या व्हायोलिनवर दिसल्या तर त्या माझ्याकडून रॉकेलचा बोळा मागून नेतात आणि स्वतः पुसून काढतात.

मग मुलाने बोट ठेवायचं कसं? तर शेजारणीला विचारून. हा त्यांचा खास शब्द. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, तेवढंच माझ्या डोक्यात शिरलं आहे. एका तारेवर बोट अगदी बरोबर जागी पडलं, तर शेजारची मोकळी तार, जिला कोणी हातही लावलेला नाही, ती आपोआप गुणगुणायला लागते. बोट केसभर इकडे-तिकडे झालं तर ती गप्प. प्रत्येक सुराला हे होत नाही, पण ज्यांना होतं ते सूर पक्के केले की बाकीचे त्यांच्या आधाराने सापडतात. म्हणून सूर हलला की वन्सं चुकलं म्हणत नाहीत. म्हणतात, "शेजारणीला विचार."

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी हे वाक्य जिन्यात ऐकलं आणि खाली येऊन म्हणाल्या, "मला विचाराल तर बंद करा."

तिसरी तऱ्हा जोडीची, आणि सगळं रामायण तिथेच घडलं. सुरुवातीला दोन मुलांना मिळून एक व्हायोलिन. एकाने वाद्य हनुवटीखाली धरायचं, डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवायची आणि उजवा हात पाठीमागे. दुसऱ्याने बाजूला उभं राहून नुसता गज ओढायचा. बघणाऱ्याला हसू येतं, पण त्यात अक्कल आहे. दोन हातांची दोन कामं एकदम शिकायला गेलं की पोरं गांगरतात. शिवाय आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याची लगेच दिसते. काही महिने असं चाललं की जोडी मोडायची आणि ज्याने त्याने आपलं आपलं वाजवायचं, असा नियम.

अशीच एक जोडी म्हणजे डावी आणि उजवी. ही नावं मी ठेवली, आणि ती इतकी चिकटली की त्यांच्या घरचेही तीच वापरायला लागले. डावी म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी. चणीने बारीक, बोटं विजेसारखी, आणि तोंडात तीळ भिजायचा नाही. उजवी म्हणजे बस चालवणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी. उंच, अंगाने भरलेली, आणि सदा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. तिचा हात मात्र असा सावकाश, सरळ जायचा की मला सुरातलं कळत नसूनही मी कात्री खाली ठेवून दारातून बघत राहायची. डावी लाकडी खोक्यावर उभी राहून बोटं ठेवायची, उजवी जमिनीवर उभी राहून गज ओढायची. त्या दोघी मिळून एक वाजवणारी तयार झाली, आणि ती वर्गातल्या सगळ्यांहून चांगली होती.

नियमाप्रमाणे त्यांची जोडी सुट्टीआधीच मोडायला हवी होती. मोडली नाही. सुट्टी झाली, नवं वर्ष सुरू झालं, तरी मोडली नाही. "एवढी एक धून होऊ दे," वन्सं म्हणायच्या. मग आणखी एक. संध्याकाळी त्या दोघींचा तास शेवटचा ठेवायच्या आणि खुर्ची खिडकीशी ओढून डोळे मिटून ऐकायच्या. आमचे हेसुद्धा त्या वेळी फिरून परत यायचे आणि पायरीवरच बसून राहायचे. एवढं सांगितलं म्हणजे कळेल. मी एकदा म्हटलं, "वन्सं, या पोरी लग्नातही एकमेकींना घेऊन जाणार का?" तर त्या हसल्या आणि विषय बदलला. त्यांना मोह झाला होता, दुसरं काय. खांबाआड वाजवून हयात गेलेल्या माणसाच्या घरात असं काही वाजायला लागलं, तर मोह होणारच. मला त्याचा राग आला नाही, आजही येत नाही.

मग गावातल्या बालवाद्यवृंदासाठी मुलं निवडणार असल्याचं जाहीर झालं. दोघींनाही जायचं होतं. तिथे अर्थातच एकेकटीने वाजवायचं होतं, म्हणून वन्संनी आपलं जुनं व्हायोलिन उजवीला दिलं आणि जोडी मोडली.

त्या दिवशी मी पडद्याचं माप विचारायला पुढच्या खोलीत गेले होते, गळ्यात टेप तशीच. डावी एकटीने वाजवत होती. बोटं तशीच झरझर पडत होती, पण खोलीत काहीतरी बिघडलं होतं हे मलाही जाणवलं. वन्संचा चेहरा आंबट झाला होता. त्या म्हणाल्या, "शेजारणीला विचार."

डावीने मान वळवली आणि उजवीकडे बघितलं.

उजवी कोपऱ्यात आपला गज पुसत होती. तिने वर बघून अगदी किंचित मान हलवली, नाही म्हणून. डावीने बोट सरकवलं. उजवीने पापणी मिटली, हो म्हणून. सूर जागेवर आला.

वन्सं खुर्चीतून उठल्या. "कोणाला विचारलंस?"

"शेजारणीला."

"कोण शेजारीण?"

डावीने गोंधळून उजवीकडे बोट दाखवलं. "ही. शेजारी उभी असते ना."

वन्संनी उजवीला विचारलं, "तू काय सांगायचीस हिला?"

उजवीला बोलतं करायला बराच वेळ लागला. शेवटी म्हणाली, "सांगायचे नाही काही. हिचा सूर हलला की माझा हात आपोआप हलका व्हायचा."

"आणि गज हलका झाला की मी बोट सरकवायचे," डावी म्हणाली, "परत जड झाला की थांबायचं. असंच असतं ना बाई?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून या दोघी शेजारीण म्हणजे एकमेकीच असं समजल्या होत्या. आणि चूक तरी कशी म्हणायची? बाकीच्या मुलांना मोकळी तार गुणगुणताना दाखवली होती. या दोघींनी वाद्य हातात घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचं बरं वाजायला लागलं, म्हणून दाखवायचं राहून गेलं. ऐकण्याचं सगळं काम उजवीने केलं, आणि डावीने तिच्या हातावरून ओळखलं. तारेचा आवाज त्या पोरीने एकदाही ऐकलेला नव्हता. आणि ज्या बाईने मास्तरांचा हात बघत वाजवायचं नाही म्हणून सगळा वर्ग उभा केला, तिच्याच पुढ्यात एक मुलगी दुसरीचा हात ओळखत वाजवत होती.

वन्संनी त्या दिवशीचा वर्ग सोडून दिला. जेवायला बसल्या पण जेवल्या नाहीत. "वहिनी, मी त्या पोरीचा कान घालवला," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "कान जागेवर आहे. वापरलेला नाही इतकंच. नवा कोरा आहे म्हणा."

"ही थट्टेची वेळ आहे का?"

"नाही. पण तुम्ही पानावर बसून उपाशी उठायची तरी वेळ आहे का? जेवा आधी." माझा स्वभाव असा आहे. कोणी दुःखी झालं की मला त्या माणसावर ओरडावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डावीच्या आईला बोलावून घेतलं आणि झालं ते सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. डॉक्टरीणबाई तडकल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटच्या पोरीचं कौतुक वर्षभर ऐकलं आणि आता कळतंय की निम्मं कौतुक दुसऱ्याच्या मुलीचं होतं. त्या म्हणाल्या, "मग आता पट्ट्या लावून द्या. निवडीपुरत्या. हिची बोटं चांगली आहेत असं तुम्हीच म्हणता ना? पट्टीवर ठेवेल बरोबर."

"लावल्या तर निवड होईलही कदाचित," वन्सं म्हणाल्या.

"मग?"

"मग ती आधी उजवीच्या हाताकडे बघत होती, उद्यापासून पट्टीकडे बघेल. ऐकणार कधी?"

"आणि नाही लावल्या तर?"

"तर निवड होईल असं मी म्हणत नाही. तोवर कान उघडेल असंही वचन देत नाही. पण उघडला तर तो तिचा असेल."

डॉक्टरीणबाईंनी आपल्या पर्सचा बंद पिळला. मग म्हणाल्या, "निवडीपर्यंत तुमच्या मनासारखं करा. त्यानंतर पाठवायचं की नाही, ते मी ठरवेन." यापेक्षा रास्त बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

मग वन्संनी जे केलं त्याचा पहिला फटका मला बसला. उजवीला पुढच्या खोलीत ठेवलं आणि डावीला आणलं माझ्या खोलीत. शिवणाच्या मशीनशेजारी, कापडाच्या गठ्ठ्यांमधे. म्हणाल्या, "हिला कोणाचा हात दिसता कामा नये, चेहरा दिसता कामा नये. तुमची खोलीच बरी."

"का? मी काय भुताटकी आहे? माझा चेहरा नाही का दिसणार?"

"दिसेल की. पण तुमच्या चेहऱ्यावरून तिला काही कळणार नाही. तुम्हालाच कळत नाही ना." आणि जाता जाता म्हणाल्या, "घरात सूर न कळणारं माणूस असण्याचा पहिल्यांदाच उपयोग होतोय."

नणंदा उगीच बदनाम नाहीत.

डावीला दिलेलं काम एकच. एक सूर. धून नाही, झरझर काही नाही. डोळे मिटायचे, बोट ठेवायचं, गज सावकाश ओढायचा आणि शेजारची तार बोलते का ते ऐकायचं. बोलली नाही तर बोट थोडं सरकवायचं, परत ओढायचं. पहिल्या दिवशी तिने चार वेळा ओढलं आणि मला विचारलं, "काकू, आता बरोबर आहे?"

"मला विचारू नकोस. मला काय कळतंय?"

"पण तुम्हाला कसं वाटलं?"

"मला दार वाजल्यासारखं वाटलं."

ती हसली, परत ओढलं, परत विचारलं. पोरीला विचारायची सवयच अशी लागली होती. दर सुरानंतर तिची मान वळायची, उजव्या बाजूला, जिथे आता नुसती माझी उशांच्या अभ्र्यांची चळत होती. मग वळलेली मान ती लाजून सरळ करायची. मला ते बघवायचं नाही. मी मशीन जोरात चालवायची म्हणजे ते बघावं लागणार नाही, तर पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "वहिनी, मशीन थांबवा, तिला ऐकू येणार नाही." म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्याशापांची धनी मी, आणि सूर या मुलीचा.

मधे एक दिवस ती रडलीच. व्हायोलिन गादीवर ठेवलं, नीट ठेवलं हं, आदळलं नाही, आणि म्हणाली, "मला नाही येणार. मला ती पाहिजे. ती असली की येतं."

सुरातलं मला सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हटलं, "ती असली की तुला येतं हे खरं. आणि ती पलीकडच्या खोलीत काय म्हणतेय माहीत आहे? 'डावी असली की बोटं पडतात.' तुम्ही दोघी एका माळेचे मणी. तिलाही मी हेच सांगून आले, आता नाक पूस." हे खरं होतं. उजवीचा कान तयार, पण बोटं जड. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला तिला इतका वेळ लागायचा की मधे माझी एक शिवण व्हायची. पण तिला चुकलेलं कळत होतं, त्यामुळे तिचं रोज थोडं पुढे जायचं.

डावीचं मात्र जात नव्हतं. दिवस निवडीकडे सरकत होते आणि वन्सं संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. एक शब्द बोलायच्या नाहीत. शिकवण्याच्या कामात गप्प राहायला एवढा जोर लागतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग एका दुपारी, मी गणवेशाच्या खिशाला टाका घालत होते, डावी नेहमीसारखी ओढत होती, तेवढ्यात ती मधेच थांबली. डोळे मिटलेलेच. परत ओढलं. मग डोळे उघडून म्हणाली, "काकू, हनुवटीला गुदगुल्या झाल्या."

"डास असेल."

"नाही. थांबा." परत ओढलं. "ती बोलली."

"कोण?"

"तार. मी हात नाही लावला. ती स्वतःच."

आणि या खेपेला तिची मान वळली नाही. तिने मला बरोबर आहे का असं विचारलंच नाही. तोच एक सूर ती पुन्हा पुन्हा ओढत राहिली, बोट मुद्दाम सरकवून घालवायची आणि परत शोधून आणायची. माझं डोकं उठलं, पण मी एका शब्दाने थांबवलं नाही. मला रडू येत होतं, आणि हातात सुई असताना रडणं बरं नाही, म्हणून खिसा बाजूला ठेवून दिला. उंबऱ्यावर वन्सं उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता की हात, आठवत नाही. आत मात्र आल्या नाहीत.

पण एक सूर सापडला म्हणजे सगळं आलं असं नाही. निवड दाराशी आली होती. ज्या धुना डावी जोडीने झरझर वाजवायची त्या आता तिला मुंगीच्या पावलाने वाजवाव्या लागत होत्या, प्रत्येक सूर विचारत विचारत. वन्संनी तिला सर्वांत साधी धून निवडून दिली.

निवड एका शाळेच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या वर्गात होती. समोर टेबलामागे तिघं बसलेले, मधले चष्मेवाले संचालक. मागच्या खुर्च्यांवर आम्ही. मी, वन्सं, डॉक्टरीणबाई, आणि ड्युटी बदलून घेतलेले उजवीचे वडील, खाकी कपड्यांतच. वन्संचा हात माझ्या मनगटावर होता आणि त्या तो किती दाबतायत याची त्यांना शुद्ध नव्हती.

आधी उजवी. तिने एक संथ धून वाजवली. बोटं एक-दोनदा अडखळली, पण तो गज असा गेला की टेबलामागची बाई लिहायची थांबली. उजवीचे वडील शेवटपर्यंत जमिनीकडे बघत होते. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं. चांगलं झालं." मला कुठे कळतंय, पण त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

मग डावी. अर्धी धून ठीक गेली. आणि अर्ध्यात एक सूर घसरला. मी वन्संकडे बघितलं नाही, माझ्या मनगटाला कळलं. डावी थांबली. वर्गात सगळे थांबले. तिची मान उजवीकडे वळायला निघाली. उजवी तिथेच होती, भिंतीशी, आणि डावीने बघितलं असतं तर तिने सांगितलंच असतं. पण मान निम्म्यात थांबली. डावीने डोळे मिटले, तोच सूर हळूच ओढला, बोट सरकवलं, आणखी सरकवलं, आणि बोट थांबलं. मग तिथून पुढे शेवटपर्यंत वाजवलं.

संचालकांनी चष्मा काढला. "मधे का थांबलीस, बाळ? विसरलीस?"

"नाही. विचारत होते."

"कोणाला?"

डावीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढा मोठा माणूस आणि असं विचारतो. "तारेला," ती म्हणाली.

तिथल्या तिथे निकाल सांगितला. उजवीला घेतलं. डावीला म्हणाले, पुढच्या वर्षी जरूर ये, आमच्याकडे मधे थांबता येत नाही. ते म्हणाले ते खरंच होतं. वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात एकटीने थांबून कसं चालेल.

उजवीचे वडील तिथूनच ड्युटीवर गेले. परतीच्या बसमध्ये वन्सं आणि मी पुढे बसलो, डॉक्टरीणबाई पलीकडच्या बाकावर, दोघी पोरी आमच्या मागे. डावीचे डोळे लाल झाले होते. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांनी काय ठरवलं आहे हे त्यांच्या पाठीवरून मला कळत नव्हतं. वन्संनी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही असं त्यांच्या मनात असणार. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांना गोळी दिली, खोकल्याची, पर्समध्ये तेवढीच होती.

बऱ्याच वेळाने मागून उजवीचा आवाज आला. आपण होऊन बोलली म्हणजे तिला फार वाटलं असणार. "तो मधला सूर," ती म्हणाली, "थोडा खाली होता."

"माहीत आहे," डावी म्हणाली.

"मी हात हलका केला होता. मोकळाच हात."

"मी नाही बघितलं." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग, चांगल्या ठसक्यात, "तुझ्याआधी मला कळलं होतं."

वन्संनी समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली. डॉक्टरीणबाईंनी मान वळवून आधी मुलीकडे बघितलं, मग वन्संकडे. बस एका थांब्यावर थांबली, दोन माणसं चढली. डॉक्टरीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "क्लासचे वार तेच आहेत ना?"

वन्संनी नुसती खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात सरकवली. म्हणून मीच सांगितलं की तेच आहेत, वेळही तीच आहे.